लहान रुग्णालय आणि जोखमीचे बाळंतपण : घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती काय आहे?

तालुक्याच्या गावचे ग्रामीण रुग्णालय आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचे असते. तीस खाटा, दोन-तीन वैद्यकीय अधिकारी, अहोरात्र राबणाऱ्या परिचारिका. स्त्रीरोगतज्ज्ञ असले तर भूलतज्ज्ञ नसतात, दोघे असले तर रक्तपेढी जिल्ह्याच्या गावी. अशा ठिकाणी एखादी जोखमीची बाळंतीण मध्यरात्री येऊन पोहोचली, तर तिचे काय होणार, हा प्रश्न घरच्यांच्या मनात धास्ती निर्माण करतो. 'इथे काही सोयी नाहीत' असे म्हणून आपण मोकळे होतो. पण हे विधान अर्धेच खरे आहे.

बाळंतपणात माता दगावण्याची प्रमुख कारणे फार नाहीत. अतिरक्तस्राव, गर्भारपणातील वाढलेला रक्तदाब व त्यातून येणारे झटके, जंतुसंसर्ग, अडलेली प्रसूती आणि या सर्वांना बळ देणारा रक्तक्षय. विशेष असे की, यांतील बहुतेक संकटांवरचे प्राथमिक उपचार महागड्या यंत्रांवर अवलंबून नाहीत. रक्तदाब मोजण्याचे उपकरण, काही मोजकी इंजेक्शने, सलाइन आणि प्रशिक्षित हात एवढ्यावर पहिली लढाई लढता येते. मात्र ती योग्य क्षणी सुरू व्हावी लागते.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासकांनी १९९४ साली मातामृत्यूंच्या मुळाशी असलेल्या तीन विलंबांची मांडणी केली. पहिला विलंब घरात होतो : रुग्णालयात न्यायचे की नाही, हे ठरण्यास लागणारा वेळ. दुसरा वाटेत : वाहन, रस्ता, नदीनाले. तिसरा रुग्णालयात : उपचार सुरू होण्यास लागणारा वेळ. दुसऱ्या-तिसऱ्या विलंबाचे उत्तरदायित्व शासनाचे आणि वैद्यकीय यंत्रणेचे आहे. पहिला विलंब मात्र आपल्या उंबरठ्याच्या आत घडतो. तेथे निर्णय गर्भवती क्वचितच घेते. सासूबाई, सासरे, आई, आजी यांच्या होकारावर तो अवलंबून असतो. म्हणूनच हा लेख घरातील ज्येष्ठांसाठी आहे.

'आमच्या वेळी' आणि आता

'आमची सगळी बाळंतपणे घरीच झाली, काय बिघडले?' हे वाक्य अनेक घरांत ऐकू येते. ज्यांचे सारे सुखरूप पार पडले, त्यांच्या दृष्टीने ते खरेही आहे. पण ज्या परत आल्या नाहीत, त्यांचा अनुभव सांगायला कोणी उरले नाही. जुन्या कुटुंबांच्या वंशावळीत 'पहिली बाळंतपणात गेली' अशी नोंद वारंवार आढळते, ती याचीच साक्ष होय. भारतात २००१ ते २००३ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता मृत्युमुखी पडत; २०१८ ते २०२० या काळात हे प्रमाण ९७ वर आले. महाराष्ट्रात ते याच कालावधीत १४९ वरून ३३ वर उतरले. ही घट प्रामुख्याने रुग्णालयातील बाळंतपणे, वेळेवरचे उपचार आणि वाहनाची सोय यांमुळे साधली. उरलेले मृत्यू टाळणे अधिक कठीण आहे, कारण ते बहुधा दूरच्या पाड्यांवर, अपुऱ्या सोयींच्या ठिकाणी आणि उशिरा पोहोचलेल्या स्त्रियांच्या वाट्याला येतात.

आजीची आठवण ही वैद्यकीय माहितीच आहे

अठरा वर्षांखालील किंवा पस्तीस वर्षांवरील वय, फार कमी उंची, जुळी बाळे, आधीचे सिझेरियन, पूर्वीच्या खेपेस झालेला अतिरक्तस्राव, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, सिकलसेल, तीव्र रक्तक्षय, ऋण रक्तगट या गोष्टी गर्भारपण जोखमीचे ठरवतात. दर महिन्याच्या ९ तारखेला 'प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना'खाली शासकीय आरोग्य संस्थांत गर्भवतींची डॉक्टरांकडून विनामूल्य तपासणी होते. ज्यांना जोखीम आहे, त्यांच्या माता-बाल संरक्षण कार्डावर लाल खूण लावली जाते. ही खूण दिसली म्हणजे घाबरून न जाता एकच गोष्ट ठरवावी : बाळंतपण कोठे करायचे, हे दिवस भरण्याच्या पुष्कळ आधी डॉक्टरांना विचारून निश्चित करावे.

येथे ज्येष्ठांकडे एक मोलाची ठेव असते. ज्या स्त्रीच्या आईला अथवा बहिणीला गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा त्रास झाला होता, तिला स्वतःलाही तो होण्याचा धोका अधिक असतो. पूर्वी डॉक्टर या विकारास 'टॉक्सिमिया' म्हणत. 'तुझ्या वेळी मला सातव्या महिन्यात तोंडावर सूज आली होती, डॉक्टरांनी अंथरुणावर झोपवून ठेवले होते' हे आईचे वाक्य म्हणजे नुसती जुनी आठवण नव्हे. ती डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगण्याची माहिती आहे. अशा स्त्रियांपैकी काहींना डॉक्टर बाराव्या आठवड्यानंतर अल्प मात्रेतील ॲस्पिरिन सुरू करतात आणि त्यामुळे धोका कमी होतो. अर्थात हे औषध कोणीही आपल्या मनाने सुरू करू नये.

दुसरी गोष्ट आपल्या रीतीशी निगडित आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली प्रथा प्रेमाची आहे. पण सातव्या-आठव्या महिन्यात लेक माहेरी येते, तेव्हा तिच्या तपासण्यांचे कागद पुष्कळदा सासरीच राहतात. मग ज्या रुग्णालयात ती बाळंत होणार, तेथील डॉक्टरांना तिचा पूर्वीचा रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट यांतले काहीच ठाऊक नसते. डोहाळजेवणाच्या ओटीइतक्याच अगत्याने कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल आणि औषधांच्या चिठ्ठ्या तिच्या सोबत द्याव्यात. माहेरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तेथील आशाताईंकडे नाव नोंदवावे आणि एक तपासणी करून घ्यावी.

रक्तदाब : न दिसणारे संकट

गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होणे आणि लघवीतून प्रथिने जाणे वा अन्य अवयवांवर ताण दिसणे, या विकारास प्रीएक्लाम्प्सिया म्हणतात. दाब १६०/११० च्या घरात गेला, तर ती तातडीची अवस्था होय. पुढे झटके आले, तर तो एक्लाम्प्सिया. 'पायांवर सूज यायचीच' असे आपण म्हणतो आणि दिवस भरत आल्यावर घोट्यांवर थोडी सूज येणे स्वाभाविकही असते. पण चेहऱ्यावर व हातांवर सूज, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली पोटाच्या वरच्या भागात दुखणे, ही लक्षणे झटक्यांची पूर्वसूचना असू शकतात. अशा वेळी सकाळ होण्याची वाट पाहू नये.

झटके आलेच, तर घरात गोंधळ उडतो. कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल नाकाशी धरतो, कोणी दातांत चमचा घालतो, तर कोणी ही बाहेरची बाधा समजून अंगारा आणायला धावतो. यांतील कशाचाही उपयोग नाही. उलट चमच्याने व पाण्याने गुदमरण्याची भीती असते. तिला डाव्या कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, तोंडात काहीही घालू नये आणि लगेच वाहन बोलवावे.

लहानातल्या लहान रुग्णालयातही या अवस्थेवर एक खात्रीचे औषध असते : मॅग्नेशियम सल्फेट. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतील सुमारे दहा हजार स्त्रियांच्या अभ्यासात, या औषधाने झटके येण्याचा धोका निम्म्याहून अधिक घटल्याचे सिद्ध झाले. औषध साधे व स्वस्त आहे आणि त्यावर लक्ष ठेवण्याची रीतही तितकीच साधी आहे. परिचारिका गुडघ्यावर हलकेच ठोकून पाय उडतो का ते पाहते, मिनिटाला श्वास किती ते घड्याळावर मोजते आणि लघवीचे प्रमाण नोंदवते. या तीन गोष्टी ठीक असतील, तर पुढची मात्रा निर्धास्तपणे देता येते. मात्रा जास्त झालीच, तर कॅल्शियम ग्लुकोनेट हा उताराही हाताशी असतो. मोठ्या अतिदक्षता विभागाविना एका जागरूक परिचारिकेच्या बळावर चालणारा हा उपचार आहे.

येथेच नातेवाइकांकडून एक घातक घाई होते. 'इथे इंजेक्शन नको, आम्ही सरळ मोठ्या दवाखान्यात नेतो' असे म्हणून ते रुग्णाला उचलतात. पुढे तास-दोन तासांचा रस्ता असतो आणि वाटेतच झटके येतात. शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पुढे पाठवण्यापूर्वी प्राथमिक केंद्रातील प्रशिक्षित परिचारिकाही दोन्ही नितंबांत मिळून दहा ग्रॅमची पहिली मात्रा देऊ शकते. तिला ती देऊ द्यावी. त्यात गेलेली दहा मिनिटे वाया गेलेली नसतात. तीच पुढच्या प्रवासाचे कवच असतात.

रक्तस्राव : घड्याळाशी शर्यत

प्रसूतीनंतर अर्ध्या लिटरहून अधिक रक्त गेले, तर तो अतिरक्तस्राव समजतात. उपचार न झाल्यास तो सुरू झाल्यापासून दोन तासांतही प्राण जाऊ शकतो. आधीच रक्तक्षय असलेल्या स्त्रीला तर याहून कमी रक्त जाणेही सोसत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील ५२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आहे. म्हणजे लोहाची गोळी हा नुसता उपचाराचा देखावा नाही. प्रसूतीच्या दिवशी लागणारी ती शिलकी पुंजी आहे. गोळीने शौच काळी होते, मळमळते म्हणून सुना ती टाळतात. रात्री जेवणानंतर, चहाशी गाठ न घालता, लिंबाच्या सरबतासोबत ती घेतली जाते का, याकडे घरातील वडीलधाऱ्यांनी मायेने लक्ष द्यावे. हिमोग्लोबिन फारच कमी असेल, तर शिरेतून लोह देण्याची सोय शासकीय रुग्णालयांत आहे.

मर्यादित साधनांत रक्तस्रावाशी झुंज कशी द्यावी, याचे धडे जगाला बव्हंशी आपल्याच प्रदेशाने दिले. बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत १,६२० स्त्रियांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रसूतीनंतर लगेच परिचारिकेने दिलेल्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांमुळे अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. या गोळ्यांना शीतपेटी लागत नाही. ढाका येथील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सायेबा अख्तर यांनी साध्या निरोधाला रबरी नळी बांधून, त्यात सलाइन भरून गर्भाशयात फुगा करण्याची युक्ती काढली. आतून दाब पडून रक्त थांबवणारा हा उपाय आज अनेक गरीब देशांत वापरला जातो. ट्रानेक्झॅमिक ॲसिड या औषधानेही, रक्तस्राव सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत दिल्यास, मृत्यू टळतात, हे सुमारे वीस हजार स्त्रियांच्या अभ्यासातून २०१७ साली स्पष्ट झाले.

मुख्य अडचण असते ती रक्त किती गेले हे वेळीच कळण्याची. डोळ्यांच्या अंदाजाने ते नेहमी कमीच भासते. म्हणून बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लॅस्टिकची पिशवीवजा चादर ठेवून रक्त मोजतात. आफ्रिकेतील चार देशांच्या ऐंशी रुग्णालयांत अशी मोजणी आणि त्यासोबत गर्भाशयाचे मर्दन, औषधे, सलाइन व तपासणी हे सारे एकाच वेळी करण्याची शिस्त लावली गेली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडण्याची वेळ अथवा त्यातून होणारा मृत्यू या अनर्थांचे एकत्रित प्रमाण साठ टक्क्यांनी घटले. नवे यंत्र कोणतेच नव्हते. नवी होती ती शिस्त.

तुमचे काम काय? बाळ पाहण्याच्या आनंदात बाळंतिणीकडे पाठ फिरवू नये. पहिले काही तास तिच्या उशाशी एक जबाबदार बाई सतत असावी. घडी भराभर भिजते आहे, ती फिकट दिसते, घाम सुटला आहे, बोलणे तुटक होते आहे, असे वाटताच परिचारिकेला बोलवावे. भिडेपोटी गप्प बसू नये. बाळाला लवकर छातीशी लावावे, त्याने गर्भाशय आकुंचन पावण्यास मदत होते. आणि दिवस भरण्याआधीच रक्त देऊ शकतील अशा दोन-तीन धडधाकट तरुणांची नावे व दूरध्वनी कागदावर लिहून ठेवावेत. रक्तदानाने अशक्तपणा येतो, हा मुलांच्या आईचा धाक आपणच दूर केला पाहिजे.

'पुढे न्या' म्हणजे हात झटकणे नव्हे

लहान रुग्णालयाने रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले, की नातेवाइकांना ते टाळाटाळ वाटते. कधी तसे घडतही असेल. परंतु मर्यादा ओळखून वेळीच पाठवणे हा चांगल्या उपचाराचाच भाग आहे. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा चार प्रश्न विचारावेत. पहिली मात्रा दिली का? पुढच्या रुग्णालयात दूरध्वनी केला का? चिठ्ठीवर निदान, औषध आणि वेळ लिहिली आहे का? सोबत परिचारिका येणार का? उत्तरे मिळाली की एक क्षणही दवडू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य आहे. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात गर्भवतीला प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि ने-आण हे सारे निःशुल्क मिळण्याचा हक्क आहे. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

ज्यांची वस्ती डोंगरात वा नदीपलीकडे आहे, त्यांच्यासाठी राज्याच्या आदिवासी भागांत काही आरोग्य केंद्रांच्या आवारात 'माहेरघर' ही सोय आहे. दिवस भरण्याच्या काही दिवस आधी गर्भवतीने तेथे येऊन राहावे, ही त्यामागील कल्पना. पावसाळ्यात ज्या वाटा बंद होतात, तेथे वाहनाच्या वेगापेक्षा आधी निघण्याचा शहाणपणा अधिक उपयोगी पडतो.

बाळ लवकर जन्मले तर

रक्तदाब वा रक्तस्राव यांमुळे पुष्कळदा प्रसूती वेळेआधी करावी लागते. जन्माआधी आईला दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शने बाळाची फुप्फुसे परिपक्व होण्यास साहाय्य करतात. जन्मल्यावर बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे, काचपेट्यांच्या टंचाईतून पुढे आली. ती आज 'कांगारू पद्धत' म्हणून जगभर मान्य आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतील अभ्यासात, जन्मानंतर लगेच सुरू केलेल्या या पद्धतीने कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू एक चतुर्थांशाने कमी झाले. आई आजारी असेल, तर वडील किंवा आजीही बाळाला असे छातीशी धरू शकते. डॉक्टरांना विचारून ही ऊब नातवंडाला अवश्य द्यावी.

घरी आल्यावरचे दिवस

'बाळंतीण सुटली' म्हणून घर निःश्वास टाकते; पण झटके प्रसूतीनंतरही येऊ शकतात. बाळंतिणीचे डोके सतत दुखत असेल, तर 'वारा लागला' म्हणून कानाला फडके बांधून, धुरी देऊन तिला खोलीत झोपवून ठेवू नये. प्रथम रक्तदाब मोजावा. ताप आणि दुर्गंधीयुक्त स्राव ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. जिला रक्तदाबाचा वा मधुमेहाचा त्रास झाला होता, तिला पुढील आयुष्यात रक्तदाब, हृदयविकार व मधुमेह होण्याची शक्यता अधिक असते. म्हणून नियमित तपासणी हवी. ही गोष्ट साठी-सत्तरीतील वाचक भगिनींनाही लागू आहे. आपल्या एखाद्या बाळंतपणात असे काही घडले असेल, तर आज आपल्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

यांपैकी एकही लक्षण दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे

- योनिमार्गे रक्तस्राव, थोडा असला तरी
- न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणे, चेहऱ्यावर सूज
- झटके किंवा बेशुद्धी
- बाळाची हालचाल कमी होणे वा थांबणे
- कळांपूर्वीच पाणी जाणे
- बारा तासांहून अधिक काळ कळा येऊनही प्रसूती न होणे
- दम लागणे, तीव्र ताप

ही यादी भिंतीवरील दिनदर्शिकेशेजारी लावावी. तिच्याखाली आशाताईंचा क्रमांक, १०८, ठरवलेल्या रुग्णालयाचे नाव आणि रक्तदात्यांची नावे लिहावीत. घरातील कर्ता पुरुष गावाला गेलेला असेल, तेव्हा न विचारता निघण्याची मुभा सुनेला आधीच देऊन ठेवावी. 'थोडे थांबून पाहू' या सल्ल्यात काळजी असते, हे खरे. पण जोखमीच्या बाळंतपणात वडीलधाऱ्यांच्या तोंडून जो शब्द सर्वांत आधी निघायला हवा, तो म्हणजे 'चला'.